बाटली जपून ठेवा

भुतांची आणि माझी ओळख जुनी असली, तरी ती 'कसं काय, बरंय' याच्या पुढे कधी गेली नाही. लहानपणी आमच्या ओढ्याकाठच्या पिंपळावर एक मुंजा राहत असे. तो कुणाच्या अध्यात नव्हता की मध्यात नव्हता. पुढे वाचनालयातून नारायण धारपांची पुस्तकं आणून कंदिलाच्या उजेडात वाचली आणि पहाटेपर्यंत पांघरुणाबाहेर पाय काढायची हिंमत झाली नाही. पण मास्तरकीत शिरलो आणि भुतं सुटली. ज्या माणसाने चौतीस वर्षं काष्टीच्या पंचक्रोशीतल्या पोरांना भूमिती शिकवली, त्याला भूत आणखी वेगळं काय दाखवणार?

असा मी वयाच्या पासष्टाव्या वर्षी भ्यालो. तेही अमावास्येच्या रात्री नव्हे. शनिवारी, भर दुपारी, बाहेर जनावरांचा बाजार ऐन भरात असताना भ्यालो. आणि भ्यालो ते सुपारीएवढ्या उंचीच्या माणसांच्या काळजीने.

झालं असं, की दिवाळीला माझा भाचा आला. हा पुण्याला संगणकाच्या कंपनीत आहे. तिथे नक्की काय करतो, ते तो मला दर दिवाळीला समजावून सांगतो आणि मी दर दिवाळीला 'वा, वा' म्हणतो. आक्का, म्हणजे माझी थोरली बहीण आणि त्याची आई, होती तोवर तो भाऊबीजेला तिला घेऊन यायचा. आता एकटाच येतो. यंदा आला तो आपला जुना लॅपटॉप माझ्यासाठी घेऊन.

"मामा, किती दिवस शब्दकोडी सोडवणार? तुमच्यासाठी एक गेम आणलाय."

गेम म्हटल्यावर माझ्या कपाळाला आठी पडली. टीव्हीला जोडायचे ते डबे मला आठवतात. नव्वदच्या दशकात घरोघरी आले होते. त्यांच्या पिवळ्या कॅसेटवर 'नऊ हजार नऊशे नव्याण्णव खेळ' असं ठळक छापलेलं असे आणि प्रत्यक्ष मोजले तर सात भरत. बाकीचे नऊ हजार नऊशे ब्याण्णव कुठे गेले, हा प्रश्न गणिताचा मास्तर म्हणून मला त्या काळीही छळत असे.

"तसलं नाही हो मामा. म्हणजे तसलंच, पण अस्सल. ते डबे ज्या जपानी फॅमिकॉमची नक्कल होते ना, त्या फॅमिकॉमवरचा हा गेम. याचं नाव 'स्वीट होम'."

आता आपल्याकडे 'स्वीट होम' म्हटलं, की एस.टी. स्टँडसमोरचं फरसाण आणि पेढ्यांचं दुकान. मला वाटलं, जिलब्या तळायच्या असतील. दार उघडलं तर आत भूत!

थोडक्यात कुळकथा सांगतो. १९८९ साली जपानमध्ये कियोशी कुरोसावा नावाच्या दिग्दर्शकाने 'स्वीट होम' नावाचा भुताचा सिनेमा काढला आणि त्याच वर्षी कॅपकॉम या कंपनीने त्यावर हा खेळ बेतला. जपानबाहेर तो रीतसर कधी विकायलाच आला नाही. हौशी लोकांनी २००० साली तो इंग्रजीत उतरवला, म्हणून आमच्यासारख्यांना कळतो. पुढे १९९६ साली याच कंपनीचा 'रेसिडेंट एव्हिल' जगभर गाजला. ते काम मुळात या 'स्वीट होम'ची नवी आवृत्ती काढायची म्हणून सुरू झालं होतं म्हणे. म्हणजे हा त्या घराण्याचा मूळपुरुष. मूळपुरुषाची जी अवस्था सर्वत्र असते तीच याचीही: वंशजांचा जगभर बोलबाला आणि मूळपुरुषाचा फोटो माळ्यावर.

गोष्ट अशी. एका चित्रकाराच्या पडक्या हवेलीत भिंतींवर काढलेली त्याची चित्रं आहेत. त्यांचे फोटो घ्यायला पाच जण आत शिरतात. दार मागे बंद होतं. हवेलीत त्या घरच्या बाईचं भूत आहे. पाचांना घेऊन तुम्ही बाहेर पडायचं. बस्स, एवढंच. ऐकायला सोपं वाटतं. पाच जणांना घेऊन लग्नाच्या घरातून वेळेवर बाहेर पडून पाहा, म्हणजे कळेल.

पाचांपैकी प्रत्येकाकडे एकेक वस्तू. काझुओ हा म्होरक्या, त्याच्याकडे लायटर. वाट अडवणारे दोर जाळायचे. एमी ही त्याची मुलगी, तिच्याकडे किल्ली. तारोकडे कॅमेरा, त्याने भिंतीवरच्या चित्राचा फोटो काढला, की पुढचा सुगावा लागतो. असुकाकडे चक्क व्हॅक्यूम क्लीनर. फुटक्या काचा वाटेत आल्या, की ही झाडून घेते. आणि अकिको. तिच्याकडे औषधांची पेटी. कुणाला विषबाधा झाली, की हिच्याकडे यायचं.

अकिको हे नाव माझ्या तोंडात बसेना. दुसऱ्या दिवसापासून मी तिला आक्काच म्हणू लागलो. औषधाचा बटवा कमरेला लावून सगळ्यांच्या मागून चालणारी बाई दुसरी कोण असणार? आमच्या आक्काच्या बटव्यात वेखंड, सुंठ, जायफळ आणि कायम एक खडीसाखरेचा खडा असे. औषध कुणालाही देवो, खडीसाखर मला मिळे.

या खेळाची पहिली खुबी म्हणजे त्याला जवळजवळ काही दाखवता येत नाही. माणसं सुपारीएवढी, भिंती चौकटी-चौकटींच्या, रंग मोजून चार. आमच्या शाळेच्या गॅदरिंगचा पडदा याहून झकास रंगवलेला असे. पण दार उघडायला गेलात, की सगळा पडदा काळा होतो, मधोमध फक्त एक दार दिसतं आणि ते हळूहळू उघडू लागतं. तेवढ्या दोन क्षणांत तुमचं डोकं जे चित्र काढतं, ते कुठल्याही कंपनीच्या चित्रकाराला जमणार नाही. धारपांनी तरी काय केलं? जिन्यावर पाऊल वाजलं, एवढंच लिहिलं. बाकीचं भूत आम्ही घरचं घातलं.

आता तक्रारी. पहिली तक्रार गाठीभेटींची. हवेलीत चार पावलं टाकली, की एक भूत आडवं येतं. त्याला परतवून चार पावलं टाकली, की दुसरं. बाजाराच्या दिवशी पेठेतून जाताना असंच होतं. 'काय गुरुजी, कुठं निघाले?' असं दर दहा फुटांवर कुणीतरी विचारतं. पण तिथे निदान चहा तरी मिळतो.

दुसरी तक्रार अशी, की पाच जण एकत्र चालत नाहीत. एका वेळी तिघांचाच जथा. राहिलेल्या दोघांना वेगळं न्यायचं. तिघांना दोन खोल्या पुढे न्यायचं, त्यांना थांबवायचं, मग दोघांकडे यायचं. म्हणजे सहलीला गेलेली अर्धी शाळा वेरूळला आणि उरलेली अर्धी दौलताबादला.

तिसरी तक्रार मोठी. प्रत्येकाने आपली वस्तू आणि एक हत्यार सोडून फक्त दोन वस्तू बाळगायच्या. दोन! आणि घरात पडलेल्या वस्तू तर शेकड्याने. वाटेत खड्डे आहेत, त्यावर टाकायला लाकडाची फळी लागते. ती उचलली, की एक जागा गेली. ती फळी तरी जन्माची सोबतीण असावी? तीही मोडते. मग परत मागे जा, दुसरी शोधा, ती घ्यायला हातातलं काहीतरी खाली ठेवा आणि कुठल्या खोलीत ठेवलं ते विसरा. एखाद्या कचेरीत उतारा काढायला गेल्यावर खिडकी क्रमांक तीनवर जी भावना होते, तीच इथे सातव्या खोलीत होते. मी शेवटी जुन्या हजेरीच्या वहीत तक्ता आखला: डाव्या बाजूला नावं, वरती खोल्या.

एका शनिवारी बाजार उरकून शेजारचे आबा चहाला टेकले. आबांची हयात बैलांच्या खरेदी-विक्रीत गेली. बैलाकडे नुसतं पाहून ते त्याचं वय आणि मालकाची नड या दोन्ही गोष्टी सांगतात. ते बराच वेळ माझ्या खांद्यावरून पाहत राहिले.

"गुर्जी, ह्ये पाच जन कुनाचे?"

"कुणाचे नाहीत आबा, खेळातले आहेत. भुताच्या वाड्यातून बाहेर काढायचेत."

"आन् ती बाई काय घिऊन चाललीय?"

"केर काढायचं यंत्र."

आबांनी चहाचा घोट थांबवला. "भुताच्या वाड्यात केर काढायला गेली? सासुरवाशीनच दिसतीय." मग हजेरीच्या वहीकडे नजर टाकून म्हणाले, "दोनच पिशव्या देतंय व्हय प्रत्येकाला? म्हंजी सौदा रुमालाखालचा हाये. काय लागनार त्ये सांगनार न्हाई आन् लागंल तवा म्हननार, का न्हाई आनलं?"

चौतीस वर्षं शिकवूनही मला एवढं नेमकं परीक्षण जमलं नसतं.

आणि आता मूळ मुद्द्यावर येतो. टॉनिक.

या हवेलीत झोपून, जेवून किंवा विश्रांती घेऊन तब्येत सुधारत नाही. सुधारते ती फक्त टॉनिकच्या बाटलीने. बाटल्या ठिकठिकाणी ठेवलेल्या, पण मोजक्या. हे कळताच माझ्यातला मध्यमवर्गीय खडबडून जागा झाला. म्हटलं, बाटली जपून ठेवायची. आत्ता कुठे आपण घायकुतीला आलोय? पुढे खरी वेळ येईल, तेव्हा काढू.

आमच्या घरात ही परंपराच आहे. शोकेसमध्ये चिनीमातीच्या सहा कपांचा सेट आहे. आमच्या लग्नात आलेला. 'चांगले पाहुणे' आले, की काढायचा म्हणून ठेवला. गेल्या चाळीस वर्षांत चांगले म्हणावेत असे पाहुणे आलेच नाहीत, असा याचा अर्थ होतो, पण तसा तो कुणी लावत नाही. कपाटात एक सोलापुरी चादर आहे, तिची घडी मोडलेली नाही. एक अत्तराची कुपी होती, ती जपता जपता उडून गेली.

त्या काळात आमच्या घरातून जाणाऱ्या-येणाऱ्याच्या कानावर काय पडत असेल, कोण जाणे. मी मोठ्याने, "बाटली आत्ताच काढायची नाही!" आणि ही स्वयंपाकघरातून, "अहो, तीन झाल्या ना तुमच्याकडे? किती साठवून ठेवणार?" दूधवाला दोन दिवस माझ्याकडे वेगळ्याच नजरेने पाहत होता.

तर त्या शनिवारी दुपारी माझ्याकडे टॉनिकच्या तीन बाटल्या होत्या आणि त्यातली एक आक्काच्याच झोळीत होती. तिची शक्ती कमी झालेली दिसत होती. आकडा समोर होता. गणिताचा माणूस मी, मला दिसत नव्हता असं म्हणता येणार नाही. म्हटलं, अजून चार पावलं निघतील. पुढचं दार तर उघडू. तिसऱ्या पावलाला भूत आडवं आलं. एक घाव आणि अकिको मेली.

या खेळात मेलेलं माणूस परत येत नाही. बाकीच्या खेळांत तीन-तीन जीव असतात, पडलेला पुन्हा उठतो. इथे नाही. पाच होते, चार राहिले. शेवटी किती जण बाहेर पडतात त्यावर या गोष्टीचे पाच निरनिराळे शेवट होतात, म्हणजे हिशेब चोख. त्यातून मी लाईट जाईल या भीतीने, मास्तरी शिस्तीत, तो प्रसंग लगेच सेव्हही करून टाकला. पेन्सिलीत लिहायचं ते शाईत लिहिलं.

मी भाच्याला फोन लावला.

"अरे, ती मेली."

"कोण, मामा?" बिचारा दचकला.

"ती रे, औषधवाली. बाटली तिच्याजवळच होती."

तो हसला. म्हणाला, "एवढंच ना? घाबरू नका. मी आत एक सोय करून ठेवलीय. ठरावीक बटण दाबलं, की खेळ मागे जातो. ती मरायच्या आधी जाऊन टॉनिक पाजा. किंवा तसेच पुढे खेळा. या गेममध्ये माणूस गेलं, की त्याचं काम करणारी वस्तू मिळते कुठेतरी. तिच्या पेटीऐवजी गोळ्या सापडतील. काम अडत नाही."

काम अडत नाही हे खरंच आहे. आक्का गेल्यापासून आमच्याकडेही खोकल्याला मेडिकलमधून गोळ्यांची पट्टी येते. खोकला थांबतोसुद्धा.

आक्का दौंडला राहायची. काष्टीहून दौंड म्हणजे रेल्वेत बसून पेपरचं पहिलं पान उलटावं, तोवर उतरायची वेळ. दर चार दिवसांनी तिचा फोन असे, "ये रे, नुसता ये. थालीपीठ लावते." आणि मी म्हणत असे, "आक्का, असं धावतपळत नको. आता निवृत्तीच होतेय. मग चांगला महिनाभर येऊन राहतो." हा महिना मी फार जपून ठेवला होता. मी निवृत्त झालो २०१८ च्या मे महिन्यात. आक्का त्याच वर्षी फेब्रुवारीत गेली.

"मामा, ऐकताय ना?" भाचा विचारत होता. "ते मागे जायचं बटण..."

"नको," मी म्हटलं. "मी पहिल्यापासून खेळतो."

तो क्षणभर काही बोलला नाही. मग म्हणाला, "बरं."

दुसऱ्या खेपेला मी अगदी उधळ्या माणसासारखा खेळलो. कुणाच्या बोटाला खरचटलं, की काढ बाटली. पुढच्याची काळजी पुढे. आणि गंमत पाहा, पुढेही काहीतरी निघतच गेलं. मघाशी ज्या तक्रारी सांगितल्या, त्यांच्याकडेही मी आता जरा प्रेमाने पाहू लागलो. दोनच वस्तू बाळगायच्या म्हटल्यावर काय टाकायचं ते ठरवावं लागतं. पाच जणांना वेगळं चालवायचं म्हटल्यावर मागे राहिलेल्यांची आठवण ठेवावी लागते. सगळं मिळालं असतं आणि मेलेलं उठलं असतं, तर मी कशाला कुणाची फिकीर केली असती? खेळाची जी खोड होती, तीच त्याची खुबी निघाली. अर्थात, चार पावलांवर भूत आडवं येतं त्याला मात्र मी अजूनही माफ केलेलं नाही.

भिंतीवरच्या चित्रांतून आणि इकडेतिकडे पडलेल्या चिठ्ठ्यांतून त्या भुताची कथा हळूहळू उलगडत जाते. त्या बाईचं लहान मूल भट्टीत पडून गेलं होतं. मग त्याला सोबत हवी म्हणून तिने इतरांची मुलं पळवली आणि त्यांचाही जीव घेतला. मी हे वाचून दाखवत होतो तेव्हा आमची ही कणीक मळत होती. तिचे हात थांबले. म्हणाली, "बाई बाई! आणि तिच्याशी त्या वेळी कुणी दोन शब्द बोललं नाही?" याचं उत्तर खेळात नाही. पण शेवटी ते भूत नुसत्या हत्यारांनी हटत नाही, त्याचं जुनं दुःखच त्याच्यासमोर धरावं लागतं, हे पाहिल्यावर हिला बरं वाटलेलं दिसलं. "बघा," म्हणाली, जणू तिनेच सुचवलं होतं.

एका पहाटे पाचही जण बाहेर पडले. लायटर, किल्ली, कॅमेरा, केर काढायचं यंत्र आणि सगळ्यांच्या मागून औषधाची पेटी. मी हजेरीच्या वहीत पाचांपुढे 'उपस्थित' अशी खूण केली. मग कोंबडा आरवायची वाट न पाहता भाच्याला फोन केला.

"मामा! काय झालं? इतक्या पहाटे?"

"पाची बाहेर काढले. तू शनिवारी ये."

"अहो, पण दिवाळी आत्ताच झाली. आता एकदम पुढच्या सुट्टीत सावकाश येतो ना, चांगले चार दिवस..."

"सावकाश नको. चार दिवसही नकोत. नुसता ये."

तो शनिवारी आला. बाहेर बाजार भरला होता, गाई हंबरत होत्या, टेंपोवाले हॉर्न वाजवत होते. आबाही आले. मी खुर्चीवर चढून शोकेस उघडली आणि तो चिनीमातीचा सेट खाली काढला. ही दारात येऊन पाहतच राहिली.

"अहो, कोण येणार आहे?"

"आलेत की. आपणच."

तिने काही न बोलता कप धुवायला घेतले. चाळीस वर्षांची धूळ, हात घसरला आणि एक कप मोरीत पडून फुटला. दुसरा कुठला दिवस असता, तर घरात सुतक पडलं असतं. मी आतून ओरडून विचारलं, "किती राहिले?"

"पाच!" ती म्हणाली.

भाचा आणि मी एकमेकांकडे पाहिलं. म्हटलं, मग काही हरकत नाही. टाक चहा.